त्याला कळलं तर पिक्चर संपला

“सर, ही मुलगी मुकी आहे काय?”

प्रश्न विचारणारं तोंड माझं, पण प्रश्न नागवेणी आणि मुबीनाचा. आदल्या दिवशी शाळेच्या जिन्याखाली बसून मी त्यांना पिक्चरमधलं माझं काम करून दाखवलं होतं. धुक्यातून यायचं, ओढ्याच्या काठी थांबायचं, हिरोकडे बघायचं, पुन्हा धुक्यात जायचं. धुक्याच्या जागी मुबीनाने ओढणी हलवली. सगळं बघून झाल्यावर तिने विचारलं, आणि बोलतेस कधी? बोलत नाही म्हटल्यावर ती हसतच सुटली. भाषण स्पर्धेत ही बया माईक सोडायला तयार नव्हती, घंटा वाजवणाऱ्या सरांचा हात दुखायला लागला, आणि पिक्चरमध्ये मुकी? विचार की त्या डायरेक्टरला. नागवेणी म्हणाली, ही कसली विचारते, तिथे गेल्यावर हिची बोबडी वळेल. विचारलंस तर आठवडाभर माझा डबा तुझा.

नागवेणीच्या डब्यात तेल्लेव असतात. इतके पातळ डोसे की उजेडात धरले तर पलीकडची सुपारीची बाग दिसते. त्यावर घरची काकवी. म्हणून मी विचारलं. नुसतं विचारलं नाही, सगळ्या युनिटसमोर, चहाचे पेले वाजत असताना, माझ्या स्पर्धेच्या आवाजात विचारलं.

मधुकेश सर, म्हणजे आमचे डायरेक्टर, खुर्चीत मागे रेलले. रागावले नाहीत. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं वाचून तुम्ही त्यांना नावं ठेवाल. त्यांनी डोळे अर्धे मिटले आणि म्हणाले, मुकी कशाला असेल, रानातली आहे ती. तिचे डोळे बोलतात.

कुठल्या भाषेत, हे माझ्या जिभेवर आलं होतं. पण पैज तेवढी नव्हती.

मी सेवरीन. सेवरीन बस्त्यांव सिद्दी, दहावी, कन्नड माध्यम. आरशात बघितलं की आफ्रिका आणि तोंड उघडलं की यल्लापूर, असं माझ्याबद्दल मुबीना म्हणते आणि तिचं चुकत नाही. गेल्या वर्षापर्यंत मी शेवटच्या बाकावर खिडकीशी बसायचे, कारण पुढे बसले की मागच्या मुली माझ्या केसांत पेन्सिली खोचून बघायच्या, पडतात का. पडायच्या नाहीत. मी वळायचे नाही. मग या वर्षी भागीरथी मॅडमनी मला कविता म्हणायला उभं केलं, आणि माझ्या तोंडून जे कन्नड बाहेर आलं ते ऐकून मलाच वाटलं, ही कोण बोलतेय? तेव्हापासून मी पहिल्या बाकावर आहे. माय म्हणते तुझी मान बोटभर लांब झालीय. पेन्सिली अजून खोचतात, पण आता मी त्या परत देत नाही.

पिक्चर आमच्या घराला नवीन नाही. बाबा पिक्चरमध्ये पडतो. म्हणजे तेच त्याचं काम. बंगळूरहून गाडी येते, आमच्या वाडीतले उंच आणि दांडगे पुरुष निवडते आणि घेऊन जाते. तिकडे ते आफ्रिकेचे गुंड होतात. धावत येतात, ओरडतात, हिरो त्यांना मारतो, ते पडतात. बाबा आणि पास्कूकाका दोघेही पडण्यात हुशार. परत येतात तेव्हा कोपरं सोललेली असतात आणि अंगाला कसल्यातरी तेलाचा वास येतो, तो आठवडाभर जात नाही. माय पिक्चर बघायला येत नाही. नवऱ्याला मार खाताना बघायला मी तिकीट काढू काय, म्हणते.

मी पहिल्यांदा बाबाला पडद्यावर बघितलं ते जत्रेच्या तंबूत. लहान होते, पास्कूकाकाच्या खांद्यावर बसले होते. वाऱ्याने पडदा हलत होता, त्यामुळे पडद्यावरची माणसं पाण्याखाली असल्यासारखी डुलत होती. घरं डुलत होती, मोटारी डुलत होत्या. आणि त्या पाण्यातून बाबा वर आला. डोंगराएवढा. चकाकणारं उघडं अंग, गळ्यात हाडांची माळ, हातात कोयता. मागे ढोल वाजत होते. बाबा थेट माझ्याकडे बघत धावत आला आणि गरजला, “मार्याण, कोंबड्या झाकल्यास काय गं?”

मार्याण म्हणजे माझी माय.

खाली अक्षरं उमटली, या शहरात एकही माणूस जिवंत राहणार नाही. सगळा तंबू गार पडला. फक्त डाव्या अंगाला, जिथे आमची वाडी बसली होती, तिथे हशा फुटला. बाकीचे लोक माना वळवून बघायला लागले, एवढा भयंकर प्रसंग चाललाय आणि हे सिद्दी हसतात कसले. ढोलांच्या आवाजात त्यांना शब्द कळले नव्हते. आम्हाला बाबाचा आवाज पाठ. मी घरी जाऊन मायला सांगितलं की बाबाने कोंबड्यांचं विचारलंय. तिने उठून खरंच झाकल्या.

नंतर कळलं की सगळ्याच पिक्चरांत असं होतं. डायरेक्टर सांगतात, तुमच्या आफ्रिकेच्या भाषेत ओरडा. आता ती भाषा आम्ही कुठून आणायची? ती आफ्रिकेहून जहाजाने येतानाच वाटेत समुद्रात पडली, आमच्या खापरपणज्यांच्याही आधी. आम्ही घरात जे बोलतो ते कोकणीच्या कडेवर बसलेलं, मराठीचं बोट धरलेलं आणि अधूनमधून कन्नडकडे हट्ट करणारं असं काहीतरी आहे. मग बाबा आणि काका तेच ओरडतात. पास्कूकाकाने एकदा मरता मरता आपल्या मेव्हण्याला उसना दिलेला कुदळीचा दांडा परत मागितला. मेव्हणा तंबूत होता. दुसऱ्या दिवशी दांडा घरी आला.

तर असा आमचा आणि पिक्चरचा संबंध. म्हणून मधुकेश सर स्वतः आमच्या वाडीत आले, अंगणात वाकळ शिवत बसलेल्या मायच्या शेजारी मला बघून थबकले आणि म्हणाले की हाच चेहरा मला हवा होता, तेव्हा मी जमिनीपासून वीतभर वर उचलले गेले ती खाली आलेच नाही. चेहरा. क्लोजअप. त्यांनी दोन्ही हातांची चौकट करून माझ्या तोंडासमोर धरली आणि मला वाटलं मी त्या चौकटीत आता, या क्षणापासून, राहायला गेले.

आणि बाबालाही काम मिळालं. त्या रानातल्या मुलीचा बाप. आपल्या झोपडीच्या दारात बसायचं, वेताची टोपली विणायची, जखमी हिरोला पाणी द्यायचं. पडायचं नाही. शेवटपर्यंत जिवंत. मुख्य म्हणजे अंगात शर्ट. इतक्या वर्षांत बाबाने पडद्यावर शर्ट घातला नव्हता. कपडेवाल्याने दिलेला तो निळ्या रेघांचा शर्ट बाबा शूटिंगच्या आधीच घरी घेऊन आला, अंगात घालून सुपारीच्या झाडांमध्ये हिंडून आला, मग धुऊन दोरीवर टाकला आणि वाळेपर्यंत त्याच्याजवळ बसून राहिला. माझ्या कामाचं त्याला कौतुक होतंच, पण शर्टाचं थोडं जास्त होतं. मला राग आला नाही. मी चौकटीत राहत होते, तो शर्टात राहत होता.

शूटिंग आमच्याच रानात होतं, वाडीच्या खालच्या ओढ्यावर. तिथे सकाळी धुकं असतंच, पण यांनी स्वतःचंही आणलं होतं, यंत्रातून सोडायचं. आमचं धुकं मनाला येईल तेव्हा येतं आणि त्याला कुजक्या पानांचा वास असतो. त्यांचं सांगितलं की येतं आणि गोडसर वास मारतं. दोन्ही एकमेकांत मिसळली की हातभर अंतरावरचं माणूस पुसट व्हायचं. झाडांना दिवे बांधले होते, त्यामुळे उजेड कुठून येतोय ते कळायचं नाही. तालमीला मी अनवाणी त्यात चालायचे. पायाखाली रोजचा ओढा, रोजचे गोटे, पण वाटायचं, मी दुसऱ्याच कुणाच्यातरी स्वप्नातून चाललेय आणि ते माणूस कूस बदललं तर मी पुसली जाईन. मला ते फार आवडायचं. दिवसभर तसंच हलकं हलकं असायचं. शाळेत भूमितीच्या तासाला बसले तरी काना-डोळ्यांत धुकं. मुबीना चिमटा काढून बघायची, आहेस काय इथे?

पैजेच्या प्रश्नाचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. डबा जिंकले. आणि दुसऱ्या दिवशी मधुकेश सरांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, तुझा प्रश्न डोक्यातून गेला नाही. तुला एक वाक्य देतो.

एक वाक्य. मला आठवतं, मी ओढ्यातच उभी होते आणि पाणी गार आहे हे मी विसरले.

वाक्य असं होतं, या वाटेनं जाऊ नको, पुढे कडा आहे. शहरातून आलेला हिरो रानात वाट चुकलाय, ओढ्यापाशी त्याला मी भेटते आणि हे सांगते. पुढे तो त्याच वाटेने जातो, कड्यावरून पडतो, आमच्या झोपडीत शुद्धीवर येतो आणि मग खरी गोष्ट सुरू होते.

ते वाक्य मी किती तऱ्हांनी म्हणून बघितलं. शाळेच्या वाटेवर, सुपारी सोलताना, गाईला. नागवेणीच्या मते ‘कडा’ या शब्दावर थांबायला हवं होतं, मुबीनाच्या मते ‘जाऊ नको’वर, कारण प्रेम तिथे आहे. कसलं प्रेम, मी फक्त वाट सांगतेय, मी म्हटलं. मुबीना म्हणाली, पिक्चरमध्ये नुसती वाट कुणी सांगत नाही, येडे.

तालमीच्या वेळी मी धुक्यातून आले, थांबले, हिरोकडे बघितलं आणि माझ्या सगळ्यात चांगल्या कन्नडात म्हटलं. ओढ्याच्या आवाजावरून माझा आवाज पलीकडे गेला आणि तिथल्या दगडावरून परत आला.  मग सरांचा एक मदतनीस म्हणाला, हिचे उच्चार हिरोपेक्षा साफ आहेत, आणि दबकी खसखस पिकली. हिरोही हसला. सर मात्र डोकं हलवत होते. छान, म्हणाले. पण ही मुलगी कन्नड कुठे शिकली?

“शाळेत,” मी म्हटलं.

या वेळी सगळे मोठ्याने हसले. मी विनोद केला नव्हता.

सर समजुतीने म्हणाले की तू शाळेत शिकलीस, ती नाही शिकली, ती रानातली. तुझ्या स्वतःच्या भाषेत सांग. कन्नडही माझीच आहे असं म्हणायचं मनात आलं, पण म्हटलं असू दे, घरची भाषा तर घरची. मी तेच वाक्य घरच्यासारखं म्हटलं. सरांच्या कपाळावर आठ्या आल्या. त्यांनी पुन्हा म्हणायला लावलं. मग ते त्रासून म्हणाले, हे तर समजतंय. वाट, पुढे, कडा, सगळं समजतंय. बेळगावात, कारवारात लोक खुर्चीत बसून म्हणतील, अरे, ही तर आपल्या शेजारणीसारखी बोलतेय.

मग सर माझ्यासमोर उकिडवे बसले. लहान मुलाला समजावतात तसं नाही, खरंच मनापासून समजावलं त्यांनी. “सेवरीन, बघ. तू काय सांगतेस ते त्याला कळलं, तर तो त्या वाटेने जाणार नाही. गेला नाही तर पडणार नाही. म्हणजे त्याला कळलं तर पिक्चर संपला.”

मी मान हलवली. मला पटलंच. एवढी यंत्रं, एवढे दिवे, झाडांवर चढलेली माणसं, सगळं माझं बोलणं न कळण्यावर उभं होतं. कळलं तर सगळे गाड्यांत बसून बंगळूरला परत जाणार. बाबाने त्या क्षणी आपल्या शर्टाची कॉलर नीट केली, ते मला धुक्यातूनही दिसलं.

उपाय सरांनीच काढला. आवाज टिपणारे लोबोसर होते, त्यांना म्हणाले, हिचं वाक्य तिच्या भाषेत घे आणि उलटं फिरव. शेवटाकडून सुरुवातीकडे. कुठलीच भाषा राहणार नाही. गूढ वाटेल. ओठ जुळायला नकोत काय, असं लोबोसर म्हणाले. सर म्हणाले, धुक्यात कोण बघतंय ओठ.

मी वाक्य म्हटलं. लोबोसरांनी यंत्रात काहीतरी केलं आणि ते जाडजूड हेडफोन माझ्या कानांवर बसवले. जग बंद झालं. ओढा गेला, पाखरं गेली, माणसांची तोंडं नुसतीच हलत राहिली. मग माझा आवाज आला. पण तो बाहेर येत नव्हता, आत जात होता. प्रत्येक शब्द शेपटाकडून सुरू व्हायचा, फुगायचा आणि घशात गडप व्हायचा. मी बोललेलं सगळं कुणीतरी अलगद माझ्या तोंडात परत घालत होतं.

मला ते आवडलं. खोटं कशाला सांगू. अंगावर काटा आला. मी डोळे मिटले आणि ते उलटे शब्द रान उतरून चालायला लागले. घाट उतरले, बंदरावर आले, शिडाच्या जहाजात चढले. पाठीकडून, सगळं पाठीकडून, जसे आम्ही कधीतरी आलो तसेच परत. समुद्र मागे मागे गेला आणि पलीकडे किनारा आला. तिथे बायका उभ्या होत्या, माझ्या केसांच्या, माझ्या नाकाच्या, माझ्यासारख्या लांब बोटांच्या. त्या किती काळ उभ्या होत्या कोण जाणे. माझा आवाज त्यांच्यापर्यंत पोचला. त्यांनी कान दिला. पुन्हा दिला. मग त्यांनी एकमेकींकडे बघितलं.

त्यांनाही कळलं नाही.

मी हेडफोन काढले. लोबोसर माझ्याकडे बघत होते. ते मंगळूरचे, कोकणीच. हळू आवाजात म्हणाले, तुझी बोली आणि माझ्या आईची बोली शेजारणी आहेत, बाय. सरळ होतं तेव्हा मला कळलं, कडा आहे. आता नाही कळत, आणि फिरवलंय मीच. एवढं म्हणून ते वायरी गुंडाळायला लागले.

मधुकेश सर खूश होते. उद्या सकाळी खरं शूटिंग, म्हणाले. जाता जाता त्यांच्या मदतनीसाने बाबाला बाजूला घेतलं आणि हसत हसत सांगितलं की मुलीला नीट समजाव, उगाच प्रश्न नकोत. हळियाळकडची आणखी एक मुलगी बघून ठेवलीय, तिचा मामाही दिसायला ठीक आहे. मुलगी बदलली की बाप बदलतो.

आम्ही दोघं ओढ्याकाठच्या वाटेने घरी निघालो. बाबाने शर्ट काढून खांद्यावर टाकला होता, घामाने खराब होऊ नये म्हणून. खरं धुकं कधीच गेलं होतं, यंत्राचं मात्र झाडांच्या बुंध्यांना अजून लोंबत होतं. मी विचारलं, बाबा, तू पिक्चरमध्ये नेहमी घरचंच का ओरडतोस? गंमत म्हणून?

  तो म्हणाला की गंमत नंतरची. पहिल्या वेळी हुबळीच्या कुठल्याशा बंद कारखान्यात नेलं होतं. डोळ्यांवर एवढा उजेड की समोर कोण आहे दिसेना. ओरड म्हणाले. “काय ओरडू? भ्यालो होतो गं. माणूस भ्याला की घरच्यांनाच हाक मारतो. मी तुझ्या मायला मारली.”

मग तो हसला आणि म्हणाला, कुणाला कळलं नाही ते बरं झालं. कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी घरी पाठवलं असतं.

 कोंबड्यांवर इतकी वर्षं हसलो होतो आम्ही. तंबूच्या डाव्या अंगाला बसून, पोट धरून. आणि तो हाक मारत होता. आम्हाला ऐकू गेली होती, हेही खरं. पण समोरच्या सगळ्या तंबूने काय ऐकलं? अक्षरांनी सांगितलं ते. मी चालत होते आणि वाट नेहमीसारखी संपतच नव्हती. माझ्या पुढे बाबाची पाठ होती, तिच्यावर जुन्या पडण्यांचे व्रण, आणि खांद्यावर तो निळ्या रेघांचा शर्ट, झोपलेल्या मुलासारखा. हे मला मोडायचं नव्हतं. उलटं तर उलटं, म्हटलं. एक वाक्य तर आहे. धुक्यात कोण बघतंय.

घरी माय भाकऱ्या करत होती. मागच्या दारी चुलीपाशी आम्ही तिघं बसलो. चगळीची चटणी होती, तांबड्या मुंग्यांची, मला एरवी जीव की प्राण, पण त्या दिवशी तिखट लागत होती की आंबट तेही कळेना. बाबा मायला दिवसभराचं सांगत होता, उद्या आपण कुठे बसणार, टोपली कशी धरणार, हिरोला पाणी कसं देणार. हातवारे करून सांगत होता. मायने तवा उतरवून त्याच्या शेजारी ठेवला आणि म्हणाली, आत्ता उतरवलाय, हात लावू नका. बाबा हो हो म्हणाला. हिरो असा पडलेला असेल, मी असा वाकणार, म्हणत तो वाकला आणि टेकायला हात खाली ठेवला तो थेट तव्यावर.

मायने त्याचा हात धरून पाण्याच्या कळशीत बुडवला. बोटं लालबुंद झाली होती.

“सांगितलं ते कळलं नव्हतं काय ओ?”

“कळलं होतं की.”

“मग?”

“मग काय,” बाबा हात पाण्यात हलवत म्हणाला, “बोलत होतो ना मी.”

माय म्हणाली की हे कधीचं आहे. मी सांगते ते तुम्हाला कळत नाही असं एकदाही झालेलं नाही, आणि ऐकलंत असंही एकदाही झालेलं नाही. आपल्या घरात तरी सगळं आपल्याच भाषेत चालतं ना? ती अर्धी रागावलेली होती आणि अर्धी हसत होती, आणि बाबा आज्ञाधारकासारखा कळशीत हात घालून बसला होता.

मी हातातली भाकरी खाली ठेवली. डोक्यातलं धुकं गेलं म्हणणार नाही, धुकं होतंच, पण त्यातून एक मुलगी चालत आली. ओढ्याकाठी थांबली. समोर शहरातून आलेला तो, चांगले बूट घातलेला. ती त्याला कन्नडात सांगते, शाळेतल्या, स्वच्छ. त्याला शब्द न् शब्द कळतो. तो तिच्याकडे बघतो, तिच्या केसांकडे, अनवाणी पायांकडे. मनात म्हणतो, हिला काय माहीत. आणि हसून त्याच वाटेने जातो. सगळ्या तंबूला कळलेलं असतं, ती काय म्हणाली. डाव्या अंगाला, उजव्या अंगाला. तो पडतो. पिक्चर कुठे संपला? आत्ता तर सुरू झाला.

 दोरीवर बाबाने परत नीट टाकलेला शर्ट होता. तो पडदा हलावा तसा हलत होता. मी त्याच्याकडे एकदा बघितलं आणि मग बघितलं नाही.

“बाबा, माय, ऐका,” मी म्हटलं. उभी राहिले, कारण बसून मला असलं सांगता येत नाही. “उद्या मी माझं वाक्य उलटं करू देणार नाही. कन्नडात म्हणणार आहे, सरळ, सगळ्यांना कळेल असं. कॅमेरा लावायच्या आधी मधुकेश सरांकडे जाऊन सांगणार, तुमच्या हिरोला सगळं कळू दे, कळूनही तो पडेल, कारण सांगणारी मी आहे. सर हो म्हणाले तर उत्तम. नाही म्हणाले तर हळियाळच्या त्या मुलीला आणू देत, आणि बाबा, तुझा शर्ट मी स्वतः धुऊन, घडी करून त्यांना परत देईन. मी ठरवलंय.”